सात नंबरचा बिघाड

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा काढलेला आहे. काढणाऱ्याला घाई होती, म्हणून त्या सातची शेपटी खालपर्यंत ओघळली. शाळेच्या संगणक कक्षातला मी सात नंबरचा संगणक. आता माझी वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली आहे आणि माझ्यावर एक जुनी चादर टाकली आहे. उद्या-परवा मला इथून हलवतील. त्याच्या आत मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. ती मला दीड वर्ष माहीत होती आणि माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले नाही.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या बायका दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. एकीने माझा पंखा बसवला, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने मला चालू करून पाहिले आणि "हा बरा आहे" असे म्हणून पुढे ढकलले. आयुष्यात मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र. मग खोक्यात, मग ट्रकमध्ये, आणि मग पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला, सहा-सहाच्या दोन रांगा, आणि दारावर पाटी : 'पळू नये, हात स्वच्छ असावेत.' मुले पळत आणि शाईच्या हातांनी यायची. मला त्याचे काही वाटायचे नाही.

पहिली वर्षे लाडाची होती. आमच्यावर शिवून घेतलेली आवरणे होती. संगणकाचे सर तेव्हा नवे होते, अंगाने काटकुळे आणि आवाजाने दणदणीत. खोलीत फळा नव्हता तरी त्यांच्या खिशात खडू असायचा. अपूर्णांक शिकवताना ते पडद्यावर एक गोल काढायचे, त्याचे तुकडे करायचे आणि तुकडे उचलून पुन्हा जोडायचे. वर्षभर अपूर्णांकांना घाबरणारा एक मुलगा एकदा खुर्चीवरून उठून ओरडला, "सर, हे तर सोपं आहे!" मित्रांनो, त्या दिवशी माझा पंखा उगाचच जोरात फिरत होता. मी कामाचा आहे असे मला मनापासून वाटले.

मग 'सराव' आला. दर मंगळवारी प्रत्येक मुलाला वीस प्रश्न सोडवायचे असत. योग्य उत्तरावर टिचकी मारायची आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यातले 'पुढे' हे बटण दाबायचे. दीड मिनिटात ते दाबले नाही, तर उत्तर बरोबर असले तरी तो प्रश्न चुकीचा धरला जाई. शनिवारी प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका उमटायचा : हिरवा, पिवळा किंवा लाल. हा ठिपक्यांचा तक्ता मोठ्या बाईंकडे जायचा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याकडून तो आणखी वर कुठेतरी जायचा आणि तिथून कधी शाबासकी यायची, कधी कानउघाडणी.

त्या तक्त्याच्या मागे आणखी एक रकाना होता. मुलाने उत्तर निवडायला किती सेकंद घेतले आणि 'पुढे' दाबायला किती, हे त्यात मी इमानेइतबारे लिहून ठेवायचो. तो उघडायला तीन ठिकाणी टिचकी मारावी लागे. ठिपका समोर दिसत असताना इतका खटाटोप कोण करणार?

आता मौनीबद्दल सांगतो. तिचे खरे नाव हजेरीपटात होते, पण सगळी शाळा तिला मौनी म्हणायची, कारण ती विचारल्याशिवाय बोलत नसे. पाचवीत होती. दोन घट्ट वेण्या, आणि बाह्यांना नेहमी दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, कारण तिची आई घरी कपडे शिवायची. गणितात तिचा हात धरणारे वर्गात कुणी नव्हते.

वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते. मंगळवारचा दुसरा तास. मौनीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठ सेकंदांत निवडले, आणि बरोबर निवडले. मग पडद्यावरचा बाण थांबला. मग हलला. पडद्याच्या मध्यावर गोल गोल फिरू लागला. एकदा उजव्या कोपऱ्याकडे गेला, तशी तिची मान इकडेतिकडे वळली, जणू बाण पडद्यावरून उडून गेला होता. तिने माऊस ओढून बाण पुन्हा मध्यावर आणला. ऐंशी सेकंद. नव्वद. 'वेळ संपली,' असे मला दाखवावे लागले.

वीसपैकी तेरा प्रश्नांना असेच झाले.

सर मागे येऊन उभे राहिले. "मौने, झोप लागली का?"

"सर, बाण हरवतो."

"बाण हरवतो? मग धनुष्य तरी जाग्यावर आहे ना?"

वर्ग खो-खो हसला. मौनीही हसली. सर वाईट नव्हते, मित्रांनो, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांना वाटले, पोरगी नवखी आहे, माऊसची सवय नाही. त्या शनिवारी तिच्यापुढे लाल ठिपका उमटला. पुढच्या शनिवारी लाल. त्याच्या पुढच्या शनिवारीही लाल. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून तक्त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय?" सर त्या दिवशी ओशाळल्या चेहऱ्याने परत आले.

सरांनी मग एक युक्ती काढली. मौनीच्या वर्गात फटाकडी नावाची मुलगी होती. म्हणजे नाव नव्हे, सगळे तिला तसे म्हणायचे, कारण ती एका जागी टिकत नसे आणि तिची बोटे तिच्याहून चपळ होती. गणितात मात्र तिची बोंब होती. सरांनी तिची खुर्ची मौनीच्या उजवीकडे आणून ठेवली आणि म्हणाले, "आजपासून ही डोकं, तू हात. मौनी उत्तर सांगेल, तू दाबायचं. आधी तिचा पेपर, मग तुझा. काय?"

"चालेल सर!" फटाकडी म्हणाली. ती तर आनंदाने उडीच मारणार होती.

मौनी कुजबुजायची, फटाकडी टिचकी मारायची. दोघींचे ठिपके हिरवेगार झाले. दोघींची गट्टी जमली. सरांची युक्ती इतर शिक्षकांनाही आवडली. मागच्या रकान्यात मौनीच्या नावापुढे आता आठ सेकंद आणि दोन सेकंद असे आकडे पडू लागले. सगळे सुखी होते. मी एकटाच होतो ज्याला माहीत होते की ते दोन सेकंद तिचे नाहीत.

हिवाळ्यात डोळे तपासणारे लोक शाळेत आले. व्हरांड्यात तक्ता टांगला. मौनीने एक डोळा झाकून वाचले, दुसरा झाकून वाचले. शेवटची बारीक ओळही घडाघडा वाचली. 'दृष्टी उत्तम' असा शेरा मिळाला. तिच्या आईला तर शंका यायचे कारणच नव्हते. पालकसभेला आलेली ती माझ्यासमोरच सरांना सांगत होती, "माझ्या आधी ती सुईत दोरा ओवते. एका झटक्यात! मला चष्मा लागला, तिला काय धाड भरलीय?"

सुईचे भोक समोर असते, मित्रांनो. तक्त्यावरची ओळही समोर असते. माझ्या पडद्याला मात्र कोपरे आहेत.

त्या वर्षभरात मी खूप काही पाहिले. आधी मौनी दारातून येऊन सरळ माझ्यापाशी यायची. नंतर ती खुर्च्यांच्या पाठींना हात लावत लावत यायला लागली. तिच्या उजव्या कोपराने फटाकडीची पाण्याची बाटली तीनदा पडली, आणि चौथ्यांदा फटाकडीने ती गुपचूप आपल्या पलीकडे ठेवली. मधल्या सुट्टीत खाली पकडापकडीचा गोंधळ चालायचा तेव्हा मौनी कागद लावलेल्या खिडकीजवळ उभी राहायची. कुणी विचारले तर म्हणायची, "मला पळायला नाही आवडत." सर एकदा कौतुकाने म्हणालेसुद्धा, "किती शांत मुलगी आहे!" मला अंगावर काटा येण्याची सोय नाही, म्हणून आला नाही.

सहावीच्या सुरुवातीला फटाकडीच्या वडिलांची बदली झाली. शेवटच्या दिवशी तिने मौनीचा हात धरून माऊसवर ठेवला आणि म्हणाली, "सोप्पं असतं गं. तू उगाच घाबरतेस." मग तिने तिची वेणी ओढली आणि गेली.

पुढच्या मंगळवारी मौनी एकटी बसली. बाण आता कोपऱ्यातच नव्हे, कडेलाही हरवत होता. तिला पडद्याचा मधला तुकडाच उरला होता, वहीच्या पानाएवढा. शनिवारी लाल ठिपका.

इथे सरांनी जे अनुमान काढले, ते तुम्ही नीट ऐका. ते म्हणाले, "ही पोरगी हुशार आहे. वर्षभर हिरवी आहे. मग आजच लाल कशी? म्हणजे सात नंबरच बिघडलाय!"

माझ्या तक्त्यातला तो हिरवा रंग खरा धरून त्यांनी मला आजारी ठरवले. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

दुरुस्ती करणाऱ्या काकांना बोलावणे गेले. मुले त्यांना स्क्रूकाका म्हणायची. कानावर पेन्सिल ठेवतात तसा ते स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे. त्यांनी माऊस बदलला आणि गेले. पुढच्या शनिवारी लाल. पुन्हा आले, वायर बदलली, माझे पोट उघडून धूळ फुंकली. लाल. तिसऱ्या खेपेला ते चिडूनच आले.

"सर, या यंत्राला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला उगाच हेलपाटे घालायला लावताय."

"मग मुलीचं उत्तर लागत का नाही?"

"थांबा. तुम्हाला पुराव्यासकट दाखवतो."

आणि स्क्रूकाकांनी तीन ठिकाणी टिचकी मारून तो मागचा रकाना उघडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मी लिहिलेले वाचत होते. माझ्या आत कुठेतरी ऊब आली.

"हे बघा. याच यंत्रावर सकाळच्या वर्गाची मुलं : 'पुढे' दाबायला दोन सेकंद, तीन, दोन. आणि ही तुमची हुशार मुलगी. उत्तर आठ सेकंदांत. बटणाला ब्याऐंशी. यंत्र ठणठणीत आहे हो, बिघाड खुर्चीवर बसलाय!"

मौनी शेजारीच उभी होती. ती हसली, कारण मोठी माणसे विनोद करतात तेव्हा हसायचे असते हे तिला ठाऊक होते. सर हसले नाहीत. त्यांनी त्या ब्याऐंशीकडे पाहिले, मग मौनीकडे पाहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तोंड उघडले. आता विचारतील, असे मला वाटले. आता नक्की विचारतील.

"एवढं तोंड पाडू नका," स्क्रूकाका म्हणाले. "बटण मोठं करतो आणि आणून ठेवतो अगदी मध्यावर. लहान हात आहेत, कोपऱ्यात जायला त्रास होत असेल. दोन मिनिटांचं काम."

सरांच्या कपाळावरची आठी गेली. "अरे वा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

काकांनी खरेच दोन मिनिटांत काम केले. मौनीने प्रश्न सोडवून दाखवला : आठ सेकंद, दोन सेकंद. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मला राग येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हते. ज्याने त्याने तिला मदतच केली होती. मैत्रिणीने केली, सरांनी केली, काकांनी केली. आणि प्रत्येक मदतीबरोबर एक खिडकी बंद होत गेली.

पाच महिने सगळे हिरवे होते. शिक्षकांच्या सभेत मोठ्या बाईंनी सरांचे नाव घेऊन कौतुक केले. मी दर मंगळवारी आठ आणि दोन असे आकडे लिहीत होतो. आता मागच्या रकान्यातही काही वाचण्यासारखे उरले नव्हते. माझा शेवटचा शब्दसुद्धा त्यांनी काढून घेतला होता.

मग तो दिवस आला. तास संपल्याची घंटा झाली, मुले दप्तरे घेऊन बाहेर पळाली. मौनी सगळ्यांच्या शेवटी निघाली. जिन्याच्या वळणावर उजवीकडचा कठडा संपतो आणि पायरी आत वळते. मला जिना दिसत नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. दप्तर आधी गेले, मग ती. मग एकदम सगळे बोलायला लागले.

पुढचे मला नंतर ऐकून कळले. खांद्याचे हाड मोडले होते आणि कपाळाला टाके पडले होते. हाडे बरी होतात. पण टाके घालताना डॉक्टरांनी तिच्या उजव्या बाजूने कात्री पुढे आणली, आणि तिने डोळासुद्धा मिटला नाही. त्यांनी मुद्दाम हात हलवून पाहिला. मग डावीकडून हलवला. मग त्यांनी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, डोळ्यांच्या.

आठ दिवसांनी मौनीची आई शाळेत आली. ती सरळ संगणक कक्षात आली. सर एकटेच होते. तिने पिशवी खाली ठेवली, पण खुर्चीवर बसली नाही.

"डोळ्यात दाब वाढलाय म्हणतात," ती म्हणाली. "कडेकडेनं नजर गेलीय. दुखत नाही, खुपत नाही, नुसती जाते म्हणे. डॉक्टर मला विचारतात, कधीपासून? काय सांगू मी? आई आहे ना मी तिची? सुईत दोरा ओवते हो ती! अजूनही ओवते!"

सर म्हणाले, "बसा ना."

"बसायला नाही आले. तुमच्याकडे काही लिहिलेलं असतं का? कधीपासून ते? डॉक्टरांना हवंय."

सरांनी मला चालू केले. मला सुरू व्हायला तेव्हा चार मिनिटे लागायची. ती चार मिनिटे दोघेही माझ्या काळ्या पडद्याकडे बघत उभे होते. मग सरांनी मागचा रकाना उघडला आणि मागे, मागे, मागे गेले. स्क्रूकाकांचा दिवस गेला. फटाकडीचे सगळे दोन-दोन सेकंद गेले. त्यांच्या हाताचा वेग कमी होत होता. शेवटी तो पहिला मंगळवार आला. आठ, ब्याऐंशी. सात, त्र्याऐंशी. दहा, ऐंशी.

त्यांनी तारीख मोठ्याने वाचली.

आईने बोटांवर महिने मोजले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. "दीड वर्ष," ती म्हणाली. "म्हणजे या यंत्राला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"यंत्राला काही कळत नाही, ताई. त्यानं नुसतं लिहून ठेवलं. वाचायचं काम माझं होतं." सरांचा तो दणदणीत आवाज त्या दिवशी दारापर्यंतही पोचला नसता. "ती मला म्हणाली होती. बाण हरवतो म्हणाली होती. मी चेष्टा केली."

आईने तारीख एका चिठ्ठीवर लिहून घेतली, चिठ्ठी पदराच्या टोकात बांधली आणि गेली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. सरांनाही वाटले असते.

जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नव्हती. उरलेली राखायची म्हणून तिच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा औषधाचे थेंब पडू लागले. किती दिवस, असे तिने डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "रोज. कायम." तीन महिन्यांनी ती शाळेत आली. एक मैत्रीण तिचा हात धरून जिना चढवायची. कपाळावरचा व्रण वेणीच्या केसांखाली लपवलेला असायचा.

पहिल्याच मंगळवारी सरांनी सराव लावला नाही. त्यांनी आपली खुर्ची ओढली आणि मौनीच्या शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांत ते मुलांच्या पाठीमागे उभे राहिलेले मी पाहिले होते. शेजारी बसलेले पहिल्यांदाच पाहिले.

"मौने, मला एक सांग," ते म्हणाले. "या पडद्यावर तुला कुठपर्यंत दिसतं? बोटानं दाखव."

तिने माझ्या काचेवर बोट टेकवले आणि हळूहळू एक गोल काढला. फार मोठा नव्हता. बशीएवढा असेल.

"आणि याच्या बाहेर? काळं दिसतं?"

"नाही सर. काळं नाही. काहीच नाही."

"मग तू बोलली का नाहीस, बाळ? इतके दिवस?"

मौनीने त्यांच्याकडे तोंड वळवले. पुरते वळवावे लागायचे तिला. "मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच दिसतं," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवी यंत्रे येणार आहेत. ती माझ्याहून हुशार आहेत. उत्तराला नुसता स्पर्श केला की ती आपणहून पुढे जातात, असे मी ऐकले आहे. कुणाला कोपऱ्यातले बटण शोधावे लागणार नाही. शनिवारी तक्ता आणखी हिरवा होईल, आणि लोक खूश होतील. मला त्या हिरव्या रंगाची भीती वाटते.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या शेजारी बसणाऱ्या कुणाला एखादी साधी गोष्ट जमत नसेल, तर त्याला हसू नका. आणि झटकन करून देऊन मोकळेही होऊ नका. फटाकडीने प्रेमानेच करून दिले होते. आधी त्याला विचारा, "तुला काय दिसतंय?" मग तो जे सांगेल ते घरी सांगा, शाळेत सांगा, कुणी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. जे आपल्याला दिसतच नाही, त्याची तक्रार कुणी कशी करणार? ती शेजारच्यानेच करावी लागते.